एडीएचडी असलेली मुलं मोठी होतात, पण त्यांच्या वतीने बोलते आईच. हे बदलायचं कसं?

पालकसभेचा दिवस. वर्गाबाहेर रांग लागलेली. आईचा नंबर येतो. वर्गशिक्षिका पेपरांचा गठ्ठा पुढे सरकवतात आणि म्हणतात, "हुशार आहे हो तो, पण लक्षच देत नाही. वही अपुरी, प्रोजेक्ट उशिरा आणि तासाला सारखा खिडकीबाहेर." आई म्हणते, "घरीही तसंच आहे बाई. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलंय. जरा सांभाळून घ्या." बाई मान डोलावतात. पुढच्या पालकांना आत बोलावलं जातं.

या पाच मिनिटांत एक माणूस तिथे असून नसल्यासारखा असतो. आईच्या शेजारी उभा असलेला चौदा-पंधरा वर्षांचा तो मुलगा. वही नेमकी कुठे अडते, तासाला कधी कंटाळा येतो, काय केलं तर सोपं जाईल, यातलं काहीच त्याला कुणी विचारत नाही. आणि विचारलं असतं, तरी त्याला सांगता आलं असतं का, हा आणखी पुढचा प्रश्न.

दहावीपर्यंत हे निभावून जातं. अकरावीला गाडी अडते. ज्युनियर कॉलेजच्या वर्गात शाळेपेक्षा कितीतरी जास्त मुलं असतात, प्रत्येक विषयाला वेगळे सर असतात, जर्नल आणि सबमिशनच्या तारखा स्वतः लक्षात ठेवायच्या असतात. पुढे होस्टेल, इंटर्नशिप, पहिली नोकरी. या कुठल्याही ठिकाणी 'जरा सांभाळून घ्या' म्हणायला आई नसते. तोवर मुलगा स्वतःसाठी बोलायला शिकला नसेल, तर तो गप्प राहतो, लेक्चर बुडवायला लागतो किंवा एक दिवस सगळ्यांसमोर भडकतो. मग 'हुशार होता, पण वाया गेला' असं ऐकायला मिळतं.

स्वतःची गरज ओळखून ती योग्य माणसाकडे, योग्य शब्दांत मांडणं ही शिकवण्याची गोष्ट आहे. सायकल शिकवतात तशीच ती टप्प्याटप्प्याने शिकवावी लागते. एडीएचडी असलेल्या मुलांना ती जरा लवकर आणि जरा जास्त वेळ शिकवावी लागते. असं का आणि ते कसं करायचं, हे समजून घेऊ.

आधी एडीएचडी म्हणजे नक्की काय?

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मेंदूच्या वाढीशी संबंधित अशी ही स्थिती आहे. हे नव्या पिढीचं किंवा मोबाइलचं खूळ नाही. लंडनमधले बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांमध्ये अशा मुलांचं वर्णन केलं होतं. 'एडीएचडी' हे नाव मात्र १९८७ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत आलं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तर साधारण ५ टक्के मुलांमध्ये ही स्थिती आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी तीन.

याचे तीन प्रकार दिसतात. काही मुलांमध्ये लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, कामं अर्धवट राहतात. काही मुलं सतत चुळबुळ करतात, प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी होतात. काहींमध्ये दोन्ही असतं. पहिल्या प्रकारची मुलं, त्यातही मुली, बऱ्याचदा नजरेतून सुटतात. त्या वर्गात गोंधळ घालत नाहीत, शांतपणे हरवलेल्या असतात. 'विसराळू' किंवा 'वेंधळी' एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

निदान करताना डॉक्टर दोन गोष्टी नक्की बघतात. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का. फक्त गणिताच्या तासाला लक्ष लागत नसेल, तर त्याचं कारण गणित किंवा गणिताचे सर असू शकतं.

आता घरोघरी येणारा प्रश्न. "गेम खेळताना तीन तास लक्ष लागतं, मग अभ्यासातच का नाही?" याचं उत्तर असं, की एडीएचडीमध्ये लक्ष नसतंच असं नाही. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, यावरचा ताबा कमी असतो. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, त्यामुळे लक्ष आपोआप धरून ठेवलं जातं. इतिहासाच्या धड्यात तसं काही नसतं. तिथे ताबा स्वतःला ठेवावा लागतो आणि अडतं ते तिथेच.

पंधरा वर्षांचा मुलगा, पण...

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वाढत वाढत एका टोकाला पोहोचते. हा टप्पा इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या आसपास येत होता, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साधारण साडेदहाच्या आसपास. म्हणजे तब्बल तीन वर्षांचा फरक. हा उशीर सर्वात जास्त कपाळामागच्या भागात होता. नियोजन करणं, स्वतःला आवरणं, लक्ष वळवणं ही कामं याच भागाकडे असतात. वाढीचा क्रम मात्र तोच होता, फक्त वेळापत्रक मागे होतं.

एडीएचडीवर अनेक वर्षं काम करणारे मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले पालकांना एक ढोबळ हिशेब सांगतात. स्वतःला सांभाळण्याच्या बाबतीत ही मुलं आपल्या वयाच्या सुमारे ३० टक्के मागे धरून चालावीत. हे काही मोजमाप नाही, अंदाज आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे ठरवायला तो कामी येतो. त्याची उंची बाबांएवढी झालेली असते, विनोदही मोठ्यांसारखे करत असतो. पण सबमिशनची तारीख लक्षात ठेवून, चार दिवस आधी सरांना गाठून, शांतपणे मुदत मागणं हे काम त्याला दहा-अकरा वर्षांच्या मुलाइतकंच जड जाऊ शकतं. 'एवढा मोठा घोडा झालास, तुझं तू बोल' असं म्हणून त्याला एकदम पुढे ढकललं, की तो आपटतो.

बोलणं इतकं अवघड का जातं?

मदत मागणं हे बाहेरून एक वाक्य दिसतं. आतून पाहिलं तर त्यात पाच-सहा कामं असतात. आपण अडलोय हे वेळेत कळायला हवं. नक्की कशात अडलोय ते शोधायला हवं. कुणाला विचारायचं ते ठरवायला हवं. योग्य वेळेपर्यंत थांबायला हवं. तोवर मुद्दा लक्षात ठेवायला हवा. आणि समोरच्याचा चेहरा बघून घाबरायचं किंवा चिडायचं नाही. एडीएचडीमध्ये नेमकी हीच कामं कच्ची असतात.

वर्किंग मेमरी म्हणजे हातातलं काम होईपर्यंत माहिती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता. ती अपुरी पडली, की स्टाफरूमपर्यंत पोहोचेपर्यंत काय विचारायचं होतं तेच निसटतं. वेळेचा अंदाज चुकतो, म्हणून 'अजून खूप दिवस आहेत' असं वाटत राहतं आणि आदल्या रात्री पायाखालची जमीन सरकते. भावना पटकन उसळतात, त्यामुळे सरांनी नुसतं "आता सांगतोयस?" म्हटलं, तरी डोळ्यांत पाणी येतं किंवा आवाज चढतो.

त्यात भर पडते आजवरच्या अनुभवाची. डायरीतले लाल शेरे, बेंचवर उभं राहणं, 'तुझ्या भावाकडे बघ' हे वाक्य. लहानपणापासून हे ऐकलेल्या मुलाला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की आपण तोंड उघडलं की काहीतरी बिनसतं. मग तो 'समजलं का?' या प्रश्नावर 'हो' म्हणायला शिकतो. समजलेलं नसतं, पण 'हो' म्हटलं की सगळ्यांच्या नजरा दुसरीकडे वळतात.

शिवाय आपल्याकडे मोठ्यांशी बोलण्याचे काही अलिखित नियम आहेत. 'उलट बोलू नये', 'मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं'. यात आदर आहे आणि तो चांगलाच आहे. अडचण एवढीच, की आदर राखून आपली गरज कशी सांगायची, हे कुणी शिकवत नाही. मुलांना दोनच रस्ते दिसतात, गप्प बसणं किंवा उलट उत्तर देणं. मधला तिसरा रस्ता दाखवणं हे खरं काम आहे.

स्वतःसाठी बोलणं म्हणजे काय?

विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात याला 'सेल्फ अ‍ॅडव्होकसी' म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली याविषयीच्या आधीच्या लिखाणाचा आढावा घेऊन त्याचे चार भाग मांडले. स्वतःची ओळख, हक्कांची माहिती, संवाद आणि चौथा भाग नेतृत्व, म्हणजे आपल्यासारख्या इतरांसाठीही बोलणं. यातले पहिले दोन पाया आहेत. स्वतःला काय होतं आणि आपल्याला काय मागता येतं, हे माहीत नसलेल्या मुलाला 'बोल, बोल' म्हणून उपयोग नाही.

फरक उदाहरणाने पटकन कळतो. गृहपाठ राहिला आणि सरांनी विचारलं, तर तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात.

"मला एडीएचडी आहे, मी विसरतो." ही सबब झाली.

"तुम्ही भरभर सांगता, कुणालाच कळत नाही." हे उलट उत्तर झालं.

"सर, तोंडी सांगितलेला गृहपाठ माझ्याकडून निसटतो. फळ्यावर लिहिलात तर मी तासाच्या शेवटी उतरवून घेईन. कालचा उद्या आणून देतो." हे स्वतःसाठी बोलणं.

तिसऱ्या उत्तरात तीन गोष्टी आहेत. मला काय होतं, कशाने मदत होईल आणि मी स्वतः काय करीन. यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. ती असली, की शिक्षकांना हा मुलगा सवलत उकळतोय असं वाटत नाही. तो जबाबदारी घेतोय हे त्यांना दिसतं.

पहिली पायरी: मुलाला खरं सांगा

बऱ्याच घरांमध्ये निदान मोठ्यांना माहीत असतं आणि मुलाला नसतं. 'लोक काय म्हणतील' या धास्तीने नातेवाइकांपासून लपवता लपवता ते मुलापासूनही लपवलं जातं. गोळी 'व्हिटॅमिनची' म्हणून दिली जाते. पण किशोरवयातली मुलं गोळीचं नाव मोबाइलवर शोधतात. मग त्यांना दोन गोष्टी एकदम कळतात. आपल्याला काहीतरी आहे, आणि ते इतकं लाजिरवाणं आहे की आईबाबांनीही सांगितलं नाही.

त्यापेक्षा साध्या शब्दांत सांगावं. "तुझा मेंदू वाईट नाही. त्याला लक्ष कुठे लावायचं ते ठरवायला जास्त मेहनत पडते. त्यामुळे काही गोष्टी तुला अवघड जातात आणि त्यावर उपाय आहेत." यात गोड गोड बोलण्याची गरज नाही. 'ही तर तुझी सुपरपॉवर आहे' असं सांगितलं, तर गणितात नापास झालेल्या मुलाला ती थट्टा वाटते.

मग त्याच्याबरोबर बसून एक पान तयार करावं. कधी काम चांगलं होतं, सकाळी की रात्री? किती मिनिटांनी लक्ष उडतं? आवाजाचा त्रास होतो, की शांततेचा? वाचून कळतं, ऐकून, की करून पाहिल्यावर? कुठल्या तासाला सगळ्यात जास्त अडतं? उत्तरं मुलाच्याच शब्दांत लिहावीत. मिक्सरबरोबर माहितीपत्रक येतं, तसं हे स्वतःचं माहितीपत्रक. पुढची सगळी बोलणी यातूनच निघतात.

इथे सोशल मीडियाबद्दल एक सावधगिरी. एडीएचडीवरच्या रील्समुळे अनेकांना आपल्या त्रासाला नाव मिळालं हे खरं. पण कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीविषयीचे सर्वाधिक पाहिलेले १०० व्हिडिओ तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यातले ५२ टक्के व्हिडिओ दिशाभूल करणारे निघाले. त्यामुळे रील पाहून शंका आली तर हरकत नाही, निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञांकडूनच व्हायला हवं.

दुसरी पायरी: मागायचं काय, ते ठरवा

'सांभाळून घ्या' ही मागणी फार मोघम आहे. शिक्षकांनी त्यावर करायचं काय? छोटी, स्पष्ट आणि शिक्षकांना जमण्यासारखी मागणी असली, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. काही उदाहरणं:

- पुढच्या बाकावर, खिडकी आणि दारापासून लांब बसू द्यावं.
- गृहपाठ आणि तारखा तोंडी सांगण्याबरोबर लिहूनही द्याव्यात.
- मोठ्या प्रोजेक्टसाठी एकाच अंतिम तारखेऐवजी मध्ये दोन-तीन छोट्या तारखा द्याव्यात.
- लांबलचक सूचना एकदा स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवू द्यावी.
- जोड तासाला मध्ये एकदा उठायला मिळावं. फळा पुसणं, वह्या वाटणं असं काही काम दिलं तरी चालतं.

एका वेळी एकच मागणी करावी. ती दोन-तीन आठवडे करून पाहावी. उपयोग झाला नाही तर बदलावी.

तिसरी पायरी: घरी तालीम

नाटकाच्या तालमीशिवाय कुणी रंगमंचावर जात नाही. इथेही तसंच. आईने किंवा ताईने सर व्हायचं आणि मुलाने बोलून दाखवायचं. कधी सर प्रेमळ, कधी घाईत, कधी वैतागलेले. समोरच्याने "वर्गात साठ मुलं आहेत, मी एकट्या तुझ्यासाठी काय काय करू?" असं म्हटलं तर काय बोलायचं, याचीही तालीम हवी. पुरेशी तालीम झाली, की प्रत्यक्ष वेळी शब्द शोधावे लागत नाहीत.

मुद्दे चिठ्ठीवर किंवा मोबाइलमध्ये लिहून नेण्यात काहीच कमीपणा नाही. वेळ निवडणंही शिकवावं लागतं. तास चालू असताना सगळ्यांसमोर नको, सर पुढच्या वर्गाकडे पळत असतानाही नको. "सर, दोन मिनिटं हवी होती, मधल्या सुट्टीत येऊ का?" एवढं आधी विचारलं, की अर्धं काम होतं. समोरासमोर बोलताना गळा दाटून येत असेल, तर चार ओळी लिहून द्याव्यात. तेही बोलणंच आहे.

आणि एक वाक्य मुलाला तोंडपाठ असावं: "मला आत्ता नीट सांगता येत नाहीये, उद्या सांगितलं तर चालेल का?" डोकं गरम झालं किंवा एकदम सुन्न झालं, की हे वाक्य भांडणापासूनही वाचवतं आणि खोट्या 'हो'पासूनही.

चौथी पायरी: आईने हळूहळू मागे सरकायचं

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे आणि ती मुलाची नाही, मोठ्यांची आहे. वर्षानुवर्षं मुलाच्या वतीने बोलणाऱ्या आईला गप्प बसणं जमत नाही. त्यात काळजी असते आणि लवकर आटपायची घाईही असते. म्हणून हेही टप्प्याने करावं.

आठवीत आई बोलते, पण जाण्याआधी मुलाला विचारते, "बाईंना काय सांगू?" आणि त्याचंच म्हणणं पोहोचवते. नववीत दोघं मिळून बोलतात. मुलगा एक मुद्दा मांडतो, बाकी आई. दहावीत मुलगा बोलतो आणि आई शेजारी बसते. अकरावीत तो एकटा जातो आणि घरी येऊन सांगतो. कुणाला हे एक वर्ष उशिरा जमेल. तीन वर्षांचं मागे असलेलं वेळापत्रक आठवावं आणि थांबावं.

डॉक्टरांचा दवाखाना ही सरावाची उत्तम जागा आहे. "कसं चाललंय?" असं डॉक्टरांनी विचारलं, की आईने उत्तर देऊ नये. मनात दहा अंक मोजावेत. गोळी घेतल्यावर भूक लागत नाही, संध्याकाळी चिडचिड होते, रात्री झोप येत नाही, हे मुलाला जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं. औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना नेमकी हीच माहिती हवी असते. मनाने गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना त्रास सांगून बदल मागणं, हा स्वतःसाठी बोलण्याचाच भाग आहे. अर्थात बोलायला शिकणं हा उपचाराला पर्याय नाही. दोन्ही बरोबरीने चालतं.

सुरुवात घरातूनच झाली तर उत्तम. घरी 'नाही' किंवा 'मला हे असं नको' म्हणायची मुभा नसलेला मुलगा बाहेर स्वतःसाठी बोलेल, ही अपेक्षा फोल आहे. अभ्यासाची वेळ, खोलीतला पसारा, क्लास कुठला लावायचा, यावर त्याचं म्हणणं ऐकलं गेलं, तर मत मांडल्याने काहीतरी बदलतं हा अनुभव त्याच्या गाठीशी येतो.

कायदा काय सांगतो?

मुलांशी संबंधित निर्णयांमध्ये त्यांचं मत विचारात घेतलं जावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं. भारताने १९९२ साली हा करार स्वीकारला आहे.

सवलतींचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं दिली आहेत. त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत वेगळं दिलेलं नाही. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणितातली अध्ययन अक्षमताही असते. 'तारे जमीन पर'मधल्या ईशानला होती ती हीच, डिस्लेक्सिया. तिची तपासणी करून घेणं म्हणूनच महत्त्वाचं. मुंबईत सायन रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयात अशा तपासणीची सोय आहे.

प्रमाणपत्र मिळालं, तर नियमांनुसार जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पात्र उमेदवारांना तासाला किमान २० मिनिटं जादा द्यावीत असं म्हटलं आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रत्येक बोर्डाचे स्वतःचे नियम आणि मुदती असतात. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा नववीतच शाळेत चौकशी केलेली बरी. ही चौकशी करताना, फॉर्म भरताना मुलाला सोबत घ्यावं. आपल्याला काय मिळू शकतं हे त्याला स्वतःला माहीत असलं, तर परीक्षा केंद्रावर कुणी हटकलं तरी तो कागद दाखवून बोलू शकतो.

पुढच्या बाकावर बसणं किंवा गृहपाठ लिहून मिळणं, यासाठी मात्र कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही. त्यासाठी शिक्षकांशी नीट बोलणं पुरेसं असतं.

'नाही' म्हटलं तर?

कधी कधी म्हणतीलच. त्याचीही तयारी हवी. पहिलं म्हणजे कारण विचारायचं: "सर, यात काय अडचण आहे? दुसरं काही चालेल का?" दुसरं, वर्गशिक्षक किंवा शाळेचे समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जायचं. तिसरं, तरीही अडलं तर घरी सांगायचं. आणि मारहाण, अपमान, वर्गासमोर टिंगल असं काही घडलं, तर ते मुलाने एकट्याने सोडवायचं नसतं. तिथे पालकांनी स्वतः पुढे व्हायचं. स्वतःसाठी बोलणं म्हणजे सगळं एकट्याने करणं नव्हे. मदत कुणाकडे मागायची हे कळणं, हाही त्याचाच भाग.

कुणाला किती सांगायचं, हेही मुलानेच ठरवावं. मित्रांना निदान सांगायलाच हवं असं नाही. "मला पुढे बसलं की बरं पडतं" एवढं वाक्यही पुरतं. आईने सोसायटीच्या ग्रुपवर किंवा लग्नाच्या मांडवात त्याच्या एडीएचडीची चर्चा करण्याआधी त्याला विचारलं, तर आपल्या गोष्टीवर आपला हक्क आहे हे त्याला आपोआप कळतं.

मूल खूप दिवस गप्प गप्प असेल, जेवणखाण किंवा झोप बिघडली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर वाट बघू नये. केंद्र सरकारची टेलीमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

पुढच्या पालकसभेत एवढं करून बघा

परत त्या वर्गात जाऊ. बाई म्हणतात, "हुशार आहे, पण लक्षच देत नाही." आई या वेळी म्हणते, "बाई, त्यालाच विचारूया का?" क्षणभर शांतता. मुलगा खिशातली चिठ्ठी चाचपतो, पायांकडे बघतो. मग म्हणतो, "बाई, फळ्यावरचं उतरवून होत नाही तोवर तुम्ही पुसता. पुसायच्या आधी एकदा विचाराल का?"

दीड वाक्य. आवाज बारीक, नजर खाली. आईला वाटतं, आपण किती नीट सांगितलं असतं. पण वर्षभर वही अपुरी का राहत होती, हे त्या वर्गात आज पहिल्यांदा कळलेलं असतं.